तिसऱ्या हाकेची ओ

हेलिकॉप्टर उतरायच्या जागेला आम्ही खळं म्हणायचो. साहेब लोकांचा शब्द निराळा होता, पण तो आमच्या तोंडात कधी बसला नाही. भात झोडायला खळं करतात तसंच ते काम. गवत काढायचं, दगड वेचायचे, खुंट मुळासकट खणायचे, जमीन चोपायची आणि वर पाणी शिंपायचं, म्हणजे धूळ उडून पायलटच्या डोळ्यांसमोर अंधार होत नाही. भाताच्या खळ्यात मधोमध आम्ही खांब रोवतो, या खळ्यात मध्ये काडीसुद्धा चालायची नाही. एका कडेला ओलं गवत पेटवून धूर करायचा. धूर कुठं कलतो ते वरून बघून पायलट वाऱ्याकडे तोंड करून उतरायचा. एक धूर दिसला तर ये, दोन दिसले तर येऊ नको. एवढीच आमची नि त्याची भाषा.

माझी बायको गेल्या होळीला गेली. तिचा भाऊ, माझा मेव्हणा, पावसाळा संपता संपता गेला. त्या कामातला आता मीच तेवढा उरलो, म्हणून लिहितो. आधी लिहिलं असतं तर मेव्हण्यानं कोणाकडून तरी वाचून घेतलं असतं, आणि तेच व्हायला नको होतं. का, ते पुढं येईल. माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेही लावणी आली की बंद. शुद्धलेखन नातीनं बघितलंय, बाकी चुका माझ्या.

स्वातंत्र्य मिळून आठ-नऊ वर्षं झाली असतील. महाराष्ट्र अजून व्हायचा होता. सरकारला रान मोजायचं होतं. खाडीपलीकडं बोरिवलीच्या बाजूला राष्ट्रीय उद्यान ठरवलं होतं, आणि अलीकडं आमचे कामण-चिंचोटीचे डोंगर. दोन्हीचा मिळून नकाशा व्हायचा होता. त्यासाठी डोंगराच्या माथ्यावर एक माणूस ठेवायचा, त्याच्याजवळ तिवईवर बसवलेला आरसा. त्यानं उन्हाची तिरीप समोरच्या डोंगरावर टाकायची. तिथला मोजणीचा साहेब दुर्बिणीतून ती तिरीप धरायचा आणि वहीत आकडे लिहायचा. एवढ्या सामानासकट पायी माणूस चढवायचा तर अर्धा दिवस जायचा, म्हणून हेलिकॉप्टर.

भात कापून शेतं मोकळी झाली तसं ते आमच्या शिवारात उतरलं. पुढं काचेचा मोठा फुगा, त्यात तीन माणसं अंग चोरून बसतील एवढी जागा, मागं नुसत्या लोखंडी काड्यांची शेपटी. गावातल्या बायकांनी त्याचं नाव चतुर ठेवलं, तळ्यावर भिरभिरतो त्या किड्यासारखं म्हणून. पायलट साहेब कुठला तरी लांबचा, हळू बोलणारा माणूस, आमच्याशी हिंदीत बोलायचा. मेस्त्री मात्र आपला, पापडीकडचा ख्रिस्ती. इंजिन चालू करायच्या आधी छातीवर क्रूस काढायचा आणि मग इंजिनाला अशी शिवी द्यायचा की क्रूस काढल्याचं पुण्य तिथंच सरलं असेल. मजुरांत मी, मेव्हणा आणि चिंचोटीच्या वरच्या पाड्यावरचा एक वारली म्हातारा. त्याला आम्ही आजा म्हणायचो. रानातली वाट त्याला विचारल्याशिवाय साहेबसुद्धा पाय टाकत नव्हते.

कामाला लागायच्या आदल्या दिवशी बायको भाकरी थापता थापता बोलली, "तुम्ही जा, उडा, पडा, माझी ना नाय."

"बरं झालं सांगितलंस."

"पन त्याला एकट्याला नेऊन कुठं टाकू नका. तुम्ही असाल तिथं तो. माझ्या माहेराचं आता तेवढंच हाय."

तिचे आईबाप पटकीनं एकाच आठवड्यात गेले होते. भावाला तिनंच वाढवलं. लग्न होऊन आमच्या घरी आली ती त्याला घेऊनच. तेव्हा लोक मला हसले होते. या वेळेपर्यंत तो चांगला पंचविशीचा बाप्या झाला होता, त्याचं लग्न ठरत होतं, पण तिच्या लेखी तो अजून परकरामागं लपणारा. मी तिला म्हटलं, एकट्याला सोडणार नाही. शब्द दिला. भाकरीवर हात ठेवून दिला, तिनं तसाच घ्यायला लावला.

काम मला आवडत होतं, खोटं कशाला बोलू. पेट्रोल मऊ कातड्यातून गाळून टाकीत ओतायचं, पाण्याचा थेंब गेला की वर इंजिन बंद पडतं. हेलिकॉप्टरजवळ जायचं ते पुढून, वाकून, पायलटच्या नजरेसमोरून. शेपटीच्या बाजूनं कधी जायचं नाही. मागचा छोटा पंखा फिरताना दिसतच नाही, नुसती हवा थोडी दाट वाटते. एकदा गावातलं एक कुत्रं मागून गेलं. पुढचं सांगत नाही.

मला खटकायची ती एक गोष्ट. पंखे घोंगावत निघून जायचे, आणि नंतर रान गप्प व्हायचं. कसं सांगू? वारा असायचा, पानं हलायची, पण पाखरू नाही, किडा नाही, वानर नाही. अर्धा अर्धा तास. आम्ही दोघं-तिघं खळ्याच्या कडेला बसलेलो, बोलायला तोंड उघडावं तर आपलाच आवाज नकोसा व्हायचा. मी एकदा आज्याला विचारलं, जनावरं घाबरून पळतात का म्हणून.

"पलत नाय," आजा बोलला. "हितंच हायेत. आइकतायत."

"काय ऐकतायत?"

"आपन काय बोलतोय त्ये."

दुसरी गोष्ट बायकोची. एकदा पायलटनं मला शेजारी बसवून आमच्या घरावरून नेलं. कौलं दिसली, पडवी दिसली, आंगणात बायको सूप घेऊन उभी दिसली. इतकं खाली होतो की सुपातले तांदूळ दिसत होते. ती वर बघत होती, थेट माझ्याकडं. मी हात हलवला, दोन्ही हात हलवले. तिनं काहीच केलं नाही. संध्याकाळी घरी आल्यावर मी चिडून विचारलं तर म्हणाली, "काचेत कोनीच नव्हतं. नुसतं आभाल होतं." काचेवर उजेड पडला की आतला माणूस दिसत नाही, हे मला मेस्त्रीनं नंतर समजावलं. पण त्या रात्री तिनं माझ्या ताटात वाढताना दोनदा माझ्या हाताला हात लावून बघितला.

आमच्याकडं रानाचा एक रिवाज आहे. हल्लीच्या पोरांना माहीत नाही, कारण हल्ली रानच नाही. रानात कोणी हाक मारली, अगदी तुमच्या नावानं, ओळखीच्या आवाजात मारली, तरी पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. दुसरीला नाही. तिसरी हाक झाली की मगच द्यायची. माणूस असेल तर तीनदा मारेल. जे माणूस नाही ते एकदाच हाक मारतं. त्याला ओ मिळाली की त्याचं काम झालं. लाकडं तोडायला जाणारे, मध काढणारे, आमच्यासारखे शेतकरी, सगळे हे पाळायचे. मेस्त्रीला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "माझी बायको एकाच हाकेत माणसाला उठवते. मग ती कोण म्हणायची?" आम्ही हसलो. आजा हसला नाही.

आता त्या दिवसाचं सांगतो.

संक्रांत होऊन गेली होती. दरीच्या अलीकडच्या माथ्यावर आम्ही खळं केलं होतं. पलीकडच्या माथ्यावर आरसेवाला ठेवायचा होता. दोन्ही माथे एकमेकांना असे दिसायचे की पलीकडं बिडी पेटवली तर अलीकडं कळावं, पण चालत जायचं तर दरीत उतरून, ओढा ओलांडून, दीड-दोन तास. त्या दिवशी आरशाजवळ मी बसायचं ठरलं होतं. मेव्हण्यानं आज्याबरोबर अलीकडच्या खळ्यावर धूर करायचा. म्हणजे तो एकटा नाही.

पहाटे शेतात पायलटनं आम्हाला वजन करायला उभं केलं. त्यासाठी खाडीवरच्या मिठागरातून मिठाचा काटा आणून ठेवला होता, एका पारड्यात माणूस, दुसऱ्यात वजनं. त्या दिवशी टाकी भरलेली होती, वर आरसा, तिवई, पाण्याचा डबा. मी पावणेदोन मण. मेव्हणा दीड मणालाही कमी. पायलटनं माझ्याकडं बघून मान हलवली आणि मेव्हण्याकडं बोट केलं. हलका माणूस पाहिजे.

मी म्हणालो, "साहेब, त्याला एकट्याला नको."

पायलट म्हणाला, तासाभराचं काम आहे, मोजणीच्या साहेबाला अलीकडं आणून सोडतो, उन्हं वर आली की पोराला परत उचलतो.

मेव्हणा खूश. "भावजी, तुमचं पोट आडवं आलं," म्हणाला. "ताईला सांगतो, भात कमी वाढ."

"सांग. आणि तिथून हलू नको. काही झालं तरी आरसा सोडून हलायचं नाही."

"कुठं हलनार? खाली दरी, वर आभाल."

मी आणि आजा पायी अलीकडचा डोंगर चढून वर पोहोचलो तेव्हा सूर्य हातभर वर आला होता. धूर केला. हेलिकॉप्टर आमच्या डोक्यावरून गेलं, पलीकडच्या माथ्यावर टेकलं, उठलं आणि खाली शेताकडं परत गेलं. मेव्हणा तिवई लावताना दिसत होता. त्यानं आरसा फिरवून तिरीप माझ्या डोळ्यांवर मारली, मस्करीत. मी डोळे झाकले. उघडले तेव्हा खालची शेतं नव्हती.

धुकं खाडीवरून आलं. हिवाळ्यात आमच्याकडं येतं, पण सकाळी खाली पडून राहतं आणि उन्हानं विरतं. त्या दिवशी ते उभं राहिलं. आधी शेतं गेली, मग ओढा, मग दरी भरत भरत वर आली, दूध उतू जाताना येतं तशी. पलीकडचा माथा थोडा वेळ बेटासारखा दिसला, त्यावर माझा मेव्हणा, मग तोही गेला. मग आमच्या खळ्याची कड गेली. धूर कुठं संपतो आणि धुकं कुठं सुरू होतं ते कळेना. आता हेलिकॉप्टर यायची सोय नव्हती. मला आज्याचा चेहरा सोडून दुसरं काही दिसत नव्हतं.

आणि आवाज उलटेपालटे झाले. खाली गावात कोणीतरी कुऱ्हाडीनं लाकूड फोडत होतं, ते माझ्या कानाशी. वसईकडच्या ख्रिस्तांच्या देवळाची घंटा आली, ती दरीतून आल्यासारखी. आगगाडीची शिट्टी पायाखालून. आणि जे जवळ होतं, विस्तवातली ओली काडी तडतडायची ती, ऐकूच येत नव्हती.

किती वेळ गेला सांगता येत नाही. मग हाक आली.

"भावजी!"

मेव्हण्याचाच आवाज. पण पलीकडच्या माथ्यावरून नाही. माझ्या पाठीमागून, दहा पावलांवरून. तिथं आमचं खळं संपत होतं आणि त्यापुढं करवंदीची जाळी होती. माणूस तिथं येणं शक्य नव्हतं, त्याला यायला दोन तास लागले असते. माझ्या तोंडात ओ आली होती, ओठापर्यंत. आज्यानं माझं मनगट धरलं.

"मोज," तो बोलला.

मी मोजत राहिलो. एक झाली. दुसरी येईना. आज्याची बोटं माझ्या मनगटात रुतली होती आणि त्याची नजर माझ्या तोंडावर, ओठ हलतात का बघत. मला ओरडायचं होतं. त्याला काही लागलं असेल, जनावर आलं असेल, एकदाच ओरडता आलं असेल. आणि मला हेही वाटत होतं, की जाळीत जे काही आहे ते माझ्याच ओ-ची वाट बघतंय. दुसरी हाक आली नाही. मी गप्प राहिलो. बायकोला शब्द दिलेला माणूस, तिचा भाऊ हाक मारतोय, आणि मी गप्प.

अकराच्या सुमाराला धुकं फाटलं. पलीकडचा माथा निघाला. तिवई उभी होती, आरसा लखलखत होता, खुणेची झेंडी होती. माणूस नव्हता.

हेलिकॉप्टर आलं तेव्हा मी खळ्याच्या मध्येच उभा होतो, पायलटनं शिवी दिली तरी हललो नाही. मला घेऊन तो पलीकडं गेला. माथ्यावर मेव्हण्याची भाकरी फडक्यात तशीच, पाण्याचा डबा तसाच, वहाणा तिवईजवळ नीट जोडून ठेवलेल्या. अनवाणी गेला होता. गवत ओलं होतं आणि त्यात पावलांची वाट पडलेली दिसत होती. ती सरळ कड्याकडं गेली होती. थांबत, चाचपत गेलेला माणूस वाकडातिकडा जातो. ही वाट सरळ होती, कोणी बोट धरून नेल्यासारखी.

हेलिकॉप्टरातून शोधायचं म्हणजे काय ते सांगतो. वर असताना तुम्ही हाक मारलीत तरी खाली जात नाही, खालच्यानं मारली तरी वर येत नाही. दोघं एकमेकांना आंधळे-बहिरे. नुसतं बघायचं. दरीत सगळा साग, त्याची पानं झडून खाली ढीग झालेले, तांबूस, सगळीकडं एकच रंग. पहिल्या फेरीत काही नाही. दुसऱ्या फेरीत नाही. पायलटनं पेट्रोलच्या काट्याकडं बोट केलं. मी त्याचा हात धरला. असं करायचं नसतं, पण धरला. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि हेलिकॉप्टर दरीच्या आत खाली घेतलं, दोन्ही बाजूंना झाडं पंख्याला लागतील इतकं. पंख्याच्या वाऱ्यानं खालची पानं उठली. सगळी दरी उसळली. पानांचे ढीग सरकले आणि एका ढिगाखालून पांढरं मुंडासं निघालं. मग खांदा. मग एक पाय, जो पायासारखा नव्हता.

पानं त्याच्या अंगावर कशी आली, एवढी, मला अजून कळलेलं नाही. वरून पडताना सरकली असतील. मी तसंच धरून चालतो.

पायलटनं मला अलीकडं सोडलं, आणि मी व आजा दोर घेऊन दरीत उतरलो. मला वाटलं होतं मेलेलाच उचलायचा. जवळ गेलो तर डोळे उघडे, आणि तो हसला.

"आलात?" म्हणाला. "मना म्हाईत होतं येनार ते. तुम्ही ओ दिलीत ना."

मी त्याच्या अंगावरची पानं बाजूला करत राहिलो. आजा माझ्या मागं उभा होता.

"तीनदा हाक मारली मी," मेव्हणा म्हणाला. "रिवाजापरमानं. पहिलीला नाय, दुसरीला नाय. तिसरीला तुम्ही ओ दिलीत, चल, हितं हाय मी, म्हनलात. इतक्या जवलून आली, मी म्हटलं दारातच आलात. म्हनून तुमच्याकडं चाललो. आनि पाय सटकला." मग त्यानं माझा हात धरला. "पडलो तरी भ्यालो नाय. म्हटलं भावजींनी ओ दिलीय, म्हंजे येनार. पानात पडून ऱ्हायलो. ओरडलोसुदिक नाय."

"हां," मी म्हणालो.

माझं खोटं एवढंच, एका अक्षराचं.

बांबूला चादर बांधून झोळी केली, त्यात घालून त्याला ओढ्याच्या खाली मोकळ्या कातळावर नेलं. पायलटनं तिथं कसंबसं टेकवून त्याला घेतलं आणि वसईला दवाखान्यात पोचवलं. मी आणि आजा मागं राहिलो. पंख्यांचा आवाज गेला आणि रान गप्प झालं. भर दुपार, लख्ख ऊन, आणि ओढ्याचं पाणी वाहताना दिसत होतं पण त्याचासुद्धा आवाज नव्हता, किंवा माझ्याच कानांना तो येत नव्हता.

मी म्हणालो, "आज्या, ओ तू दिलीस का?"

"मी तुजा हात धरून बसलो व्हतो," आजा बोलला. "तुज्या तोंडाकडं बगत व्हतो."

"मग कोणी दिली?"

"चाल."

"आज्या, त्यानं तीन मारल्या. मला एकच आली. बाकीच्या दोन कुठं गेल्या?"

"चाल म्हनतो ना. आनि मागं बगू नको." थोडं खाली आल्यावर तो स्वतःच म्हणाला, "उद्यापासून मी यायचा नाय. तूबी येऊ नको."

तो आला नाही, पुन्हा कधीच. मी होळीपर्यंत गेलो, काम पुरं केलं. मग हेलिकॉप्टर गेलं आणि आमच्या शेतात खळ्याचा गोल तेवढा राहिला. तिथं दोन वर्षं भात नीट आलं नाही. पेट्रोल सांडलेलं.

मेव्हण्याचा पाय बसवला पण चार बोटं आखूड राहिला. ठरलेलं लग्न मोडलं, मग पुढं दुसरीकडं झालं. बायको त्या दिवशी दवाखान्यात आली ती भावाकडं बघून आधी रडली आणि मग माझ्याकडं वळली.

"एकट्याला सोडलंत ते सोडलंत. ओ दिलीत, तर तिथंच थांब असं नाय सांगता आलं? धुक्यात मानसाला चल म्हनतात का?"

मी खाली बघितलं. मला दोनच वाटा होत्या. एक म्हणजे तिनं मला घाईचा, बिनडोक समजायचं. दुसरी म्हणजे सांगायचं, की तुझा भाऊ हाक मारत होता, मी ऐकली, आणि भ्यालो म्हणून गप्प बसलो. मी बिनडोक व्हायचं ठरवलं.

पन्नास वर्षं तिनं मला ते सुनावलं. मी कुठं लवकर हो म्हटलं, की म्हणायची, "दिलीत ओ!" तुळिंजच्या बाजूची गुंठाभर जमीन विकली तेव्हा म्हणाली, "तिथंबी लगेच ओ दिलीत ना?" भावकीत, लग्नात, पाहुण्यांसमोर. पोरं हसायची. मीही हसायचो. मेव्हणा मात्र माझी बाजू घ्यायचा. "ताई, ओ नसती आली ना, तर मी त्या पानांत भीतीनंच मेलो असतो," म्हणायचा. तो असं म्हणाला की मी उठून बाहेर जायचो, बैलांना पाणी दाखवायला. बैल विकून दहा वर्षं झाली तरी उठायचो.

मागल्या वर्षी ती अंथरुणाला खिळली. एका दुपारी मी तिचे पाय चेपत होतो. ती मला काहीतरी बोलली, औषध मी भलतंच आणलं होतं त्यावरून, आणि त्यात ते ओ पुन्हा आलं. माझ्या तोंडातून निघून गेलं.

"ओ मी नव्हती दिली."

"काय?"

सगळं सांगितलं. एकच हाक, पाठीमागून आलेली. आज्यानं धरलेलं मनगट. माझं मोजणं. ऐकताना तिनं एकदाही मधे तोंड घातलं नाही, आमच्या संसारात हे पहिल्यांदा झालं. संपल्यावर तिनं विचारलं, "मग कोनाची होती?"

"माहीत नाही."

तिनं नजर आढ्याकडं वळवली. माझे हात तिच्या पायांवर होते आणि तिच्या पायांवर काटा आलेला मला हाताला लागला. मला वाटलं आता शिव्या देईल. द्यायला पाहिजे होत्या.

"त्याला सांगितलंत?"

"नाही."

"नका सांगू," ती म्हणाली. "त्या ओ-वर तो जगला. ती तुमचीच ऱ्हाऊ दे. तो हाय तोवर."

मी हो म्हटलं. लगेच म्हटलं, पण ती त्यावरून काही बोलली नाही. मग म्हणाली, "आनि मी येवढी वर्सं तुम्हाला उगाच बोलले."

"त्यात काय. आता चालू ठेव."

ती हसली, खोकला येईपर्यंत. त्यानंतर मात्र तिनं तो शब्द माझ्यावर पुन्हा काढला नाही, आणि मला सांगायला लाज वाटते, पण घर तेव्हाच रिकामं झालं होतं. होळीला ती गेली ते नंतर.

भाद्रपदात मेव्हण्याची छाती भरली. त्याच्या घरी मी चार दिवस राहिलो. शेवटच्या दुपारी बाहेर पाऊस होता, त्याच्या सुना मागीलदारी होत्या, आणि आम्ही दोघंच खोलीत. त्यानं डोळे उघडले आणि माझा हात शोधला. आवाज अगदी बारीक झाला होता.

"भावजी, एक विचारायचं होतं. ताई होती तोवर नाय विचारलं."

"विचार की."

"तवा धुक्यात... तुम्ही ओ दिलीत ती माज्या कानात आली. गरम वारा लागला कानाला. तुम्ही तर पलीकडल्या डोंगरावर व्हता. मी लय विचार केला. इतक्या जवल कसे काय आलावतात?"

त्याच्या तोंडाकडं बघितलं. तो भ्याला होता. दरीत मोडका पाय घेऊन पडलेला तेव्हा हसला होता, आणि आता भ्याला होता. इतकी वर्षं तोही एकटाच हे धरून बसला होता.

"धुक्यातून उतरून आलो होतो," मी म्हणालो. "तुझ्या मागंच होतो. हात घातला तर तू सटकलास."

"आनि मग वर गेलात परत?"

"दोर आणायला."

त्यानं हे मनाशी जोडून बघितलं. माझ्या या बोलण्यात किती भोकं आहेत ती त्याला दिसली असतील की नाही, मला कळलं नाही. मग त्याचं कपाळ सैल झालं.

"तरीच," तो म्हणाला.

त्यानं पाणी मागितलं. मी चमच्यानं पाजलं. तो झोपला तसा मी त्याची आखूड तंगडी उचलून उशीवर नीट ठेवली आणि पांघरूण ओढलं.